लॅपटॉप नेमका कुठे अडतो?

मुंब्रा-कौसा असो, ठाण्याची राबोडी असो की कल्याणचा दूध नाका, आपल्या वस्त्यांतल्या अनेक घरांत आता लॅपटॉप असतो. बहुधा एकच. २०२०च्या टाळेबंदीत मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी कुणी नवा घेतला, कुणी वापरलेला घेतला. शाळा पुन्हा भरल्या, पण लॅपटॉप घरातच राहिला आणि हळूहळू कागदपत्रांचा पेटारा होऊन बसला. पूर्वी अम्मीच्या लोखंडी ट्रंकेत जे असायचं, ते सगळं आता त्यात असतं: रेशनकार्डाची प्रत, आधार, शाळा सोडल्याचे दाखले, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, घराचा करारनामा, अब्बांच्या पेन्शनचे कागद. त्यामुळे लॅपटॉप अडला की एका माणसाचं काम अडत नाही, सगळ्या घराचं अडतं.

आमच्या घरी आम्ही दोघंही उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवतो. राहतो कौशाला, नोकरी कल्याणात. प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं, पालकांना द्यायच्या सूचना हे सगळं रात्री जेवणं आटोपल्यावर याच एका लॅपटॉपवर होतं. थोरलीची बारावी झाली आणि प्रवेशाचे अर्ज सुरू झाले, तेव्हा त्याची तक्रार डोक्याशी आली. तक्रार विचित्र होती. लॅपटॉप सुरू व्हायला ठीक, व्हिडिओ ठीक, टायपिंग ठीक. पण ‘सेव्ह’ म्हटलं, किंवा अर्जाला दाखला जोडायला ‘अपलोड’ दाबलं, की खिडकी पांढरी पडायची आणि बाण गोल फिरत राहायचा. चाळीस सेकंद, कधी मिनिटभर. एका अर्जाला सहा-सात कागद जोडायचे. तेवढ्यात प्रवेशाच्या संकेतस्थळाची वेळ संपून जायची आणि पुन्हा पहिल्यापासून लॉगिन. अर्जाची शेवटची तारीख पाच दिवसांवर होती.

सल्ले भरपूर मिळाले. भाईजान म्हणाले, रॅम वाढवा. धाकटा म्हणाला, व्हायरस आहे. अब्बा म्हणाले, आत धूळ साचली असेल, पंखा साफ करून घ्या. शाळेतून परतताना डोंबिवलीला उतरून एका दुकानात दाखवला. दुकानदाराने दोन मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, “सर, फॉरमॅट मारावा लागेल. पण मशीन जुनं झालंय, माझं ऐकाल तर नवीनच घ्या.” नवीन घ्यायचा म्हणजे थोरलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावायचा. फॉरमॅट करायचा म्हणजे पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि घरभराचे कागद पणाला लावायचे. आम्ही लॅपटॉप पिशवीत घातला आणि घरी आलो.

बीएडला एक गोष्ट आम्हाला पक्की शिकवली होती: आधी नैदानिक चाचणी, मग उपचारात्मक अध्यापन. मूल गणितात कच्चं आहे असं म्हणून भागत नाही. बेरीज येते का, हातचा घेता येतो का, भागाकारात अडतं का, हे एकेक करून पाहावं लागतं. कधी कधी गणित उत्तम येत असतं आणि उदाहरण वाचताच येत नसतं. मग वर्षभर पाढे घोकून घेतले तरी काय उपयोग? लॅपटॉपलाही हाच नियम लावायचा आम्ही ठरवलं.

पण चाचणीच्या आधी एक काम केलं, आणि वाचकांनीही तेच आधी करावं. महत्त्वाचे सगळे कागद एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले आणि ते तिथे उघडतात की नाही हेही पाहिलं. कल्याण-ठाण्याच्या लोकांना याचं कारण सांगायला नको. २६ जुलै २००५च्या पुरात तळमजल्यावरच्या घरांतून धान्याबरोबर कागदही भिजले होते आणि दाखल्यांच्या दुसऱ्या प्रतींसाठी लोकांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले होते. कागद डिस्कवर असले तरी एकाच जागी ठेवू नयेत. आजार कुठलाही निघो, प्रत दुसरीकडे असली म्हणजे हात थरथरत नाहीत.

मग वहीचं एक पान घेतलं आणि तीन रकाने आखले: काय केलं, किती वेळ लागला, वाय-फाय चालू होतं की बंद.

पहिली चाचणी नोटपॅडची. नोटपॅड म्हणजे विंडोजमधली सगळ्यात साधी पाटी. त्यात एक ओळ टाइप केली आणि सेव्ह केलं. तिथेही चाळीस सेकंद. म्हणजे दोष एकट्या वर्डचा नव्हता.

दुसरी चाचणी वर्डची. आधी सेव्ह केलेली मराठी सूचना उघडली, एक शब्द बदलला आणि कंट्रोल-एस दाबलं. क्षणात सेव्ह झाली. म्हणजे डिस्कवर लिहायला वेळ लागत नव्हता. वेळ लागत होता तो ‘कुठे ठेवू?’ असं विचारणारी खिडकी उघडायला. मात्र उर्दू प्रश्नपत्रिकेत तसंच केलं तर पाच-सात सेकंद जात होते. हे वेगळं दुखणं दिसलं. ते वहीत लिहून बाजूला ठेवलं.

तिसरी चाचणी टास्क मॅनेजरची. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की ही खिडकी उघडते. ‘परफॉर्मन्स’मध्ये प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. खिडकी पांढरी पडली असताना तिन्ही आलेख शांत होते. लॅपटॉप काम करून थकला नव्हता, तो कशाची तरी वाट पाहत बसला होता. भाईजानच्या रॅमचा प्रश्न इथेच मिटला. वाट पाहणाऱ्या माणसाला जास्त जेवू घातलं म्हणून बस लवकर येत नाही.

चौथी चाचणी धाकट्याने सुचवली. त्याने वाय-फाय बंद केलं आणि सेव्ह दाबलं. खिडकी दोन सेकंदांत उघडली. वाय-फाय चालू केलं, पुन्हा चाळीस सेकंद. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. आता आजार कुठल्या गल्लीत राहतो ते कळलं.

इथे ती खिडकी काय करते ते समजून घेऊ. वर्डमध्ये सेव्ह करा, नोटपॅडमध्ये करा की ब्राउझरमध्ये अर्जाला फाइल जोडा, बहुतेक वेळा समोर येते ती विंडोजचीच एक सामाईक खिडकी. तिच्या डाव्या बाजूला जागांची यादी असते: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पेन ड्राइव्ह, वनड्राइव्ह, नुकतीच वापरलेली फोल्डरं आणि नेटवर्कवरच्या जागा. ही यादी दाखवण्याआधी विंडोज त्या जागांची चौकशी करतं. वर्गात हजेरी घेताना, शाळा सोडून गेलेल्या मुलाचं नाव पटावर राहून गेलं असेल तर काय होतं? शिक्षक नाव पुकारतात, उत्तर येत नाही, पुन्हा पुकारतात, मग पुढे जातात. वर्गात हे दोन क्षणांत होतं. नेटवर्कवरचा संगणक शोधताना विंडोज त्याच्या उत्तरासाठी बरेच सेकंद थांबतं. वाय-फायच बंद असेल तर मात्र ‘कुणीच नाही’ हे त्याला लगेच कळतं, म्हणून ते थांबत नाही.

आमच्या लॅपटॉपच्या पटावर असं एक नाव होतं. टाळेबंदीनंतर शाळेच्या संगणक कक्षातल्या एका मुख्य संगणकावर सर्व शिक्षकांसाठी सामाईक फोल्डर केलं होतं आणि ते प्रत्येकाच्या लॅपटॉपला झेड ड्राइव्ह म्हणून जोडून दिलं होतं. पुढे तो संगणक निकालात निघाला. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘धिस पीसी’ उघडलं, तर झेड ड्राइव्ह लाल फुलीसह तिथेच उभा. त्यावर उजवं क्लिक करून ‘डिस्कनेक्ट’ केलं. शेजारी ‘क्विक अ‍ॅक्सेस’मध्ये त्याच फोल्डरची एक जुनी पिन होती, तीही काढली. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘प्रायव्हसी’खालचं ‘क्लिअर’ बटण दाबून जुन्या वापराचा इतिहास पुसला. त्याने फाइल पुसल्या जात नाहीत, फक्त आठवणींची यादी कोरी होते.

दुसरं नाव प्रिंटरचं निघालं. स्टाफरूममधला नेटवर्क प्रिंटर अजून डिफॉल्ट होता. वर्ड पानाची मांडणी करताना डिफॉल्ट प्रिंटरला विचारून घेतो, आणि तो प्रिंटर तर कल्याणात, आम्ही कौशाला. सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये जाऊन ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ बंद केलं आणि ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ हा आतलाच प्रिंटर डिफॉल्ट केला. शाळेत छापायचं असेल तेव्हा शाळेचा प्रिंटर निवडता येतोच.

पुन्हा सेव्ह दाबलं. वाय-फाय चालू असताना खिडकी दोन सेकंदांत उघडली. खर्च काहीच नाही, वेळ मगरिबपासून इशापर्यंतचा. त्याच रात्री थोरलीने गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला असं एकेक जोडत अर्ज पूर्ण केला. शेवटच्या तारखेला अजून तीन दिवस होते. अल्हम्दुलिल्लाह!

आता वहीत बाजूला ठेवलेलं ते दुसरं दुखणं, उर्दू फाइलींचं. उर्दू शिकवणाऱ्या सगळ्यांना ते भेटतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आपली उर्दू नस्तालीक वळणात लिहिली जाते. त्यात अक्षरं एका सरळ रेषेवर उभी राहत नाहीत. ती वरून खाली तिरकी उतरतात आणि शेजारी कोण आहे त्याप्रमाणे आकार बदलतात. म्हणूनच उर्दू वर्तमानपत्रं फार काळ कातिबांच्या हातानेच लिहिली जात. १९८१मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या यंत्रासाठी यावर तोड काढली. अक्षरांऐवजी जोडाक्षरांचे तयार तुकडेच, सुमारे वीस हजार, हाताने लिहून यंत्रात भरले. वडिलांच्या नावावरून त्या लिपीला नूरी नस्तालीक म्हटलं गेलं, आणि लाहोरच्या ‘जंग’ने त्याच साली ती वापरायला सुरुवात केली. आज वर्डमध्ये आपण जो जमील नूरी नस्तालीक फॉन्ट वापरतो, तो त्याच घराण्यातला. देवनागरी फॉन्टचं काम काहीशे ते हजारभर आकारांत भागतं, याच्या पोटात हजारो तुकडे. डोळ्याला सुंदर, पण अंगाने भारी.

आमच्या वर्डमध्ये फाइलबरोबर फॉन्टही भरून पाठवण्याची सोय चालू होती, म्हणजे ज्याच्याकडे हा फॉन्ट नाही त्यालाही उर्दू नीट दिसावी. हेतू चांगला, पण परिणाम असा की पाच ओळींची सूचना सेव्ह करतानाही अख्खा फॉन्ट तिच्यात कोंबला जायचा. चिठ्ठीच्या पाकिटात शब्दकोश घालून टपालात टाकावा तसं. साहजिकच सेव्हला वेळ लागायचा आणि ईमेलला जोडताना त्याहून जास्त. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह असं गेलं की खाली ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’ असा चौकोन दिसतो. त्याची खूण काढली. फॉन्ट पाठवणं भागच असेल तर त्याच्या खालच्या चौकोनात ‘फक्त वापरलेली अक्षरं’ अशी निवड आहे, ती करावी. आणि समोरच्याने नुसतं वाचायचं किंवा छापायचं असेल, तर सरळ पीडीएफ करून पाठवावं.

जोडण्याबद्दल आणखी एक. ‘अटॅच होत नाही’ या एका तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. फाइल निवडायची खिडकीच उशिरा उघडते, की खिडकी पटकन उघडते पण नंतरची अपलोडची पट्टी रेंगाळते? पहिलं असेल तर वर सांगितलेला मार्ग. दुसरं असेल तर दोष बहुधा फाइलच्या वजनाचा किंवा इंटरनेटच्या चढत्या वेगाचा. बऱ्याच जोडण्यांत उतरण्यापेक्षा चढण्याचा वेग कमी असतो, म्हणून व्हिडिओ छान दिसतो आणि दाखला मात्र चढत नाही. मोबाइलने काढलेला दाखल्याचा फोटो सहज तीन-चार एमबीचा होतो. जीमेल एका पत्राला २५ एमबीपर्यंतच जोडू देतं, आणि पत्रात घालताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणून मोबाइलच्या स्कॅनर अ‍ॅपने कृष्णधवल पीडीएफ करावी. दाखला वाचता येतो आणि वजन कितीतरी कमी होतं. फाइलचं नाव छोटं, इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये चिन्हं न घालता ठेवावं. काही संकेतस्थळांना लांब नावं पचत नाहीत.

आमचा लॅपटॉप सुधारल्याची बातमी इमारतीत पसरली आणि शेजारपाजारचे लॅपटॉप आमच्या दिवाणखान्यात येऊ लागले. तक्रार सगळ्यांची एकच, पण कारण प्रत्येकाचं निराळं. शिवणकाम करणाऱ्या खालांच्या लॅपटॉपवर जोडायची खिडकी नेहमी डाउनलोड्स फोल्डरमध्ये उघडायची, आणि तिथे नक्षीचे फोटो आणि व्हिडिओ हजारोंनी साठलेले. प्रत्येक वेळी विंडोज त्यांची छोटी चित्रं बनवत बसायचं. चित्रं वेगळ्या फोल्डरांत लावली. डाउनलोड्सच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कस्टमाइझ’खाली चित्रांऐवजी ‘जनरल आयटम्स’ निवडलं. झालं काम. भिवंडीला लूमच्या हिशेबाचं काम करणाऱ्या एका नातेवाइकाच्या लॅपटॉपवर सी ड्राइव्ह गच्च भरलेला होता, नवी फाइल ठेवायलाही जागा शोधावी लागत होती. जुन्या वर्षांचे हिशेब बाहेरच्या डिस्कवर हलवले.

कल्याणच्या एका सहकाऱ्याचं मात्र तसं नव्हतं. त्यांच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटलेली, वाय-फाय बंद करूनही फरक नाही, आणि कान लावला तर आतून टकटक आवाज. जुन्या लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि तिच्यावरून एक सूक्ष्म टोक सरकत वाचतं-लिहितं. ती थकली की प्रत्येक फाइलसाठी पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. अशा वेळी घरगुती इलाज, फॉरमॅट, दुरुस्तीचे प्रोग्राम यांतलं काहीही करू नये. आधी कागद आणि फोटो बाहेर काढावेत, मग मशीन जाणत्याकडे द्यावं. त्यांनी फोटो काढून घेतले आणि डिस्कच्या जागी एसएसडी बसवून घेतली. तिच्यात फिरणारा भाग नसतो. तोच जुना लॅपटॉप आता आमच्यापेक्षा चपळ चालतो. खर्च झाला, पण कशासाठी झाला ते त्यांना ठाऊक होतं.

दुकानांत हल्ली आणखी एक कारण ऐकू येतं, ‘विंडोज १० बंद झालं, म्हणून स्लो आहे.’ मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चं नियमित मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवलं हे खरं. त्यामुळे सुरक्षेची काळजी वाढते आणि आपलं मशीन विंडोज ११ घेऊ शकतं का, हे पाहून ठेवणं शहाणपणाचं आहे. पण त्या तारखेमुळे सेव्हची खिडकी चाळीस सेकंद अडत नाही. दोन्ही प्रश्न वेगवेगळे सोडवावेत.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्याकडे हातात चार पैसे आले की खर्चाच्या वाटा आधीच ठरलेल्या असतात: फी, दवाखाना, घरभाडं. त्यातून लॅपटॉपसाठी पैसे काढायची वेळ आली, तर निदान निदान तरी नीट झालेलं असावं. दुरुस्तीला जाताना ‘स्लो झालाय’ एवढंच सांगू नका. वहीचं ते पान बरोबर न्या. नोटपॅडमध्ये सेव्ह करायला किती वेळ लागतो, वाय-फाय बंद केल्यावर किती लागतो, त्या वेळी डिस्कचा आलेख शांत असतो की शंभरावर, आणि अडतं ते खिडकी उघडताना की अपलोड होताना, एवढं त्यावर लिहिलेलं असलं तरी पुरे. चांगला कारागीर ते पान पाहून खूश होईल, कारण त्याचं निम्मं काम झालेलं असेल. आणि जो पान न पाहताच फॉरमॅट सांगेल, त्याला सलाम करून पुढच्या दुकानात जावं. कागदांची प्रत मात्र घरी ठेवूनच निघावं.